मधला आकडा

उंब्रजला हायवेवर माझं जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बापाकडून काही आलं नाही. जे उभं केलं ते घासाघीस करून. नव्वदच्या दशकात दुर्बीण घेतली तीही तशीच, एका रिटायर फौजीला बोलता बोलता थकवून.

सांगलीत आमच्यासारख्या हौशी लोकांचं मंडळ होतं. काही ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होतं; ते शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून आकड्यात लिहायचं. मंडळाचे प्रमुख, एक वयस्क प्राध्यापक, ती निरीक्षणं तपासून परदेशातल्या मोठ्या संग्रहाला पाठवत.

एका हिवाळ्यात एक तांबडा तारा उजळत होता. दुकान बंद केलं की मी आणि बायको गच्चीवर जायचो. घोंगडीत गुरफटून ती दुर्बीण धरायची.

"आवं, ह्यो त्या डावीकडच्यापेक्षा लय मंद हाय."

"मंद कुठला? नीट बघ."

"बघितलं. तुमीच चष्मा पुसा."

मग मी थोडा उतरायचो, ती थोडी चढायची, आणि मधला आकडा माझ्या नावावर लिहिला जायचा. आमचा संसारच तसा चालला होता, पडद्याच्या कापडापासून लेकीच्या शाळेपर्यंत.

हिवाळा सरता सरता आम्ही दोघं सांगलीला मंडळाच्या बैठकीला गेलो. प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही कसं बघता?" मी ऐटीत सगळी पद्धत सांगितली. त्यांनी आमचे कागद बाजूला सारले.

"हे पाठवता येणार नाही. आकडा एकाच्याच डोळ्यांचा हवा. हा तुम्ही दोघांनी ठरवलेला भाव आहे. आणि तांबड्या ताऱ्याकडं जितकं टक लावून बघाल तितका तो तेजस्वी वाटतो. तुम्ही भांडत बसता, तोवर तो वाढतो."

लोक हसले. माझं डोकं सणकलं. "थंडीत कुडकुडत बघितलंय आमी! सगळं फुकट?"

"आवं, बसा," म्हणत बायकोनं माझी बाही ओढली. मग त्या कागदांकडं बघत तिनं हळूच विचारलं, "माझं येगळं धरता का?"

लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. माझा आवाज खाली आला. त्या दिवशी मी तिच्या बाजूनं घासाघीस केली. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "पुढच्या हंगामात वेगवेगळं लिहा. झटकन बघायचं, एकमेकांना सांगायचं नाही. मग बघू."

तो हंगाम मला जड गेला. ती दुर्बीण खाली ठेवायची, पाण्याच्या टाकीआड जाऊन लिहायची.

"अंदाजानं तरी सांग की."

"न्हाई."

हंगाम संपल्यावर सांगलीच्या बैठकीत दोघांचीही निरीक्षणं स्वीकारली गेली. संग्रहात नावाऐवजी लिहायची, निरीक्षक म्हणून स्वतःची वेगळी अक्षरं तिला मिळाली. आदल्या हिवाळ्याचे आकडे मात्र त्यांनी घेतलेच नाहीत. निदान निम्मे तरी घ्यायला हवे होते. तो राग माझ्या मनात अजून आहे.

परतीच्या एस.टी.त तिनं दोन्ही कागद शेजारी धरले.

"माझा तारा सगळीकडं तुमच्यापेक्षा मंदच हाय."

"मग जरा..."

"एक शबूद बोलू नगा."

कराड येईपर्यंत तिनं तिचा कागद मांडीवर तसाच उघडा ठेवला होता, आणि खिडकीतून वारा आला की त्यावर हात ठेवत होती.