झरोक्यावरचं कपाट

आमच्या वहिनीकडे उन्हाळ्यात जेवण गार मिळतं, हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. त्यावर थट्टाही चालायची. माझा मावसभाऊ म्हणायचा, हिच्याकडे तोंड पोळायची भीती नाही, लहान पोरांना खुशाल जेवायला पाठवा. वहिनी हसायची. मीही हसायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच. ते आठवलं की आज स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. दादा बस चालवायचा, पहाटे जायचा तो संध्याकाळी यायचा. मला वाढवलं ते वहिनीने. माझं डोकं अभ्यासात चालत नाही पण हात चालतात, हे तिनेच आधी ओळखलं. मी दिवसभर फळकुटं आणि खिळे घेऊन बसायचो म्हणून तिने माझं नाव ठोक्या ठेवलं, आणि दादाशी वाद घालून मला एका सुताराच्या हाताखाली धाडलं. ती बोलायची कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. दादाची बस एक वेळ वळेल, वहिनी वळायची नाही.

बाविसाव्या वर्षी मला शिंगं फुटली आणि मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं काम वहिनीच्याच स्वयंपाकघरात केलं. ओट्याच्या वर, छताला लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध कपाट. अडचण एकच होती. शेगडीच्या बरोबर वर, छताखाली, हातभर रुंद झरोका होता. तिरक्या पट्ट्यांचा, धुराने काळवंडलेला. माझ्या कपाटाची सरळ रेघ तो मोडत होता. मी त्यावर प्लायवूड ठोकलं आणि कपाट पुढे नेलं. वाफ कुठून जाईल, एवढंच वहिनीने विचारलं. मी म्हणालो, मागचं दार आहे की. गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वरच वाट लागते, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण माझं सगळं लक्ष त्या रेघेवर होतं.

कपाट मात्र देखणं झालं. वहिनी येईल त्याला ते दाखवायची, आमच्या ठोक्याने केलंय म्हणून सांगायची. पहिली चार कामं मला तिच्या या सांगण्यातूनच मिळाली. मग तशी पद्धतच पडून गेली. मला दुकान नव्हतं, त्यामुळे नवं गिऱ्हाईक आलं की मी त्याला थेट वहिनीच्या स्वयंपाकघरात घेऊन जायचो. लग्न होऊन वेगळा राहायला लागलो तरी हे सुटलं नाही. सकाळी अकराच्या सुमारास लोक यायचे, कपाटाची दारं उघडून मिटून बघायचे, बिजागऱ्या चाचपायचे. कोणी म्हणायचं, एवढ्या उन्हाळ्यातही तुमचं स्वयंपाकघर कसं गार आहे हो. मी फुगायचो, जणू ती हवाही मीच रंधा मारून बसवली होती.

एका उन्हाळ्यात मोठ्या कामाचं बोलणं चाललं होतं. नवराबायको आले होते, बोलता बोलता दुपार झाली आणि वहिनीने त्यांना जेवायला थांबवून घेतलं. ताटं आली. भाजी गार, भात गार. पाहुण्यांनी काही दाखवलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"दोन घास गरम वाढायला काय होतं गं तुला? दिवसभर घरातच तर असतेस."

वहिनी भांडी उचलून आत गेली, शेगडी पेटवली, सगळं गरम करून आणलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, रागाने. ते काम मला मिळालं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. यंदाच्या उन्हाळ्यात, वहिनी त्रेसष्ट वर्षांची असताना, मी एका गिऱ्हाइकाला घेऊन गेलो तर शेगडी चालू होती आणि वहिनी ओट्याखाली पडलेली होती. शेगडी बंद करायला पुढे झालो तेव्हा तिथली धग पहिल्यांदा माझ्या तोंडावर आली. तिला दवाखान्यात नेलं. उष्माघात होता, थोडक्यात वाचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, स्वयंपाकघरात गरम हवा बाहेर जायला वाट कुठे आहे? मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "पूर्वी होती."

बाहेरच्या बाकावर बसून दादाने मला सगळं सांगितलं. उन्हाळ्यात शेगडी पेटवली की त्या खोलीत उभं राहवत नसे आणि भिंती तासन्‌तास तापलेल्या राहत. म्हणून वहिनी पहाटे चारला उठून दिवसभराचा स्वयंपाक उरकायची, दार सताड उघडं ठेवायची, म्हणजे अकरापर्यंत खोली निवायची. ती पडली त्या दिवशी तिला जाग उशिरा आली होती.

"मी किती वेळा म्हटलं, काढून टाकू ते कपाट," दादा म्हणाला. "तर म्हणायची, गिऱ्हाइकाला इथे घाम फुटला तर ठोक्याचं काम जाईल, आणि कपाट काढलं तर दुकानच जाईल."

मी दुसऱ्या दिवशी कपाट उतरवलं. कोणाला हात लावू दिला नाही. प्लायवूड निघालं आणि झरोक्यातून एवढा उजेड आत आला की मी शिडीवरच बसून राहिलो. पट्ट्या घासल्या, बाहेरच्या अंगाला हवा ओढणारा पंखा बसवला. त्या सरळ रेघेच्या नादात मी पुढे एकोणतीस घरांतले झरोके झाकले आहेत. एकेका घरी जाऊन आता ते मोकळे करून देतो आहे. एका घरी कळलं की तिथल्या बाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या. त्यांना उन्हाळ्याचा काय त्रास झाला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

वहिनी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. भर दुपारी स्वयंपाक केला. मागच्या दाराने आलेली झुळूक ओट्यावरून वर चढून झरोक्यातून निघून जात होती, आणि आम्ही तिथेच जमिनीवर बसलो होतो. भातावरून वाफ निघत होती.

"वहिनी, चुकलं माझं," मी म्हणालो.

"कपाटाचं काय घेऊन बसलास. पोर होतास तू."

"कपाटाचं नाही. त्या दिवशी लोकांसमोर बोललो, त्याचं."

तिचा हात थांबला. दादा ताटाकडे बघत राहिला.

"ते होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू विसरला असशील." तिने भाजीचं भांडं जवळ ओढलं. "मी नाही विसरले रे."

मग तिने माझ्या ताटात भाजी वाढली.

"जेव आता. गार होईल."