नाडापुडीतला दोरा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळणार नाही.

आमच्या कॉलेजच्या तक्रार समितीसमोर येरमाळ्याजवळच्या वाशीची एक विद्यार्थिनी उभी होती. प्रयोगशाळेचं दार लावून एका प्राध्यापकानं तिच्या अंगावर हात टाकला होता. तो संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. तो खुर्चीत. ती उभी. तिच्या वडिलांना ढोकीजवळच्या उसाच्या फडातून बोलावून आणलेलं. ते दाराशी उकिडवे.

तिला विचारलं, "तू एकटी कशाला गेलीस?" त्याला काहीच विचारलं नाही.

मी समितीचा सदस्य. म्हणालो, "दोघांचं म्हणणं लिहून घेऊ."

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, बाप तुमचा मेंढरं राखायचा. आमी खुर्ची दिली, तर लगेच कोर्ट मांडलं व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्याच बापावर.

मग गावकीत मिटवतात तसं मिटवायचं ठरलं. तिनं त्याला राखी बांधायची, त्यानं साडीचोळी द्यायची. राखीपुनव कधीच होऊन गेली होती. दुकानातून नाडापुडीतला लाल दोरा आणला. आणणारा मी.

वडील म्हणाले, "बांध, माय. आपलं इथं काय चालतंय?"

"आबा, सख्ख्या भावानं असं केलं असतं, तर तुमी कोयता काढला असता."

तिनं दोरा माझ्यापुढं टाकला. "तुमीच बांधा, सर. तुमचा लागत असंल कुणी."

ती निघून गेली. पुन्हा कॉलेजात आली नाही. आम्ही लिहिलं, 'आपसांत मिटले.' खाली माझी सही.

आता तोच माणूस प्राचार्य झालाय. सत्काराला मला बोलावलंय. "सर, चार शब्द बोला."

बोलणार आहे. काही मिटलं नव्हतं. चौकशी झाली नव्हती. तिनं तक्रार मागं घेतली नव्हती. मी खोटी सही केली. भर सभेत, त्याच्या तोंडावर बोलणार. माईक बंद केला तरी मास्तरचा आवाज आहे. शेवटच्या बाकापर्यंत जातो.

गेल्या महिन्यात येरमाळ्याला गेलो होतो. हायवेवर तिचं शिलाईचं दुकान आहे. तिनं ओळखलं. बसा म्हणाली नाही.

"काय शिवायचंय, सर?"

माफी मागायला गेलो होतो. पिशवीतल्या सदऱ्याचा उसवलेला खिसा दाखवला. तिनं मान खाली घालून तो शिवला, सदरा माझ्या हातात दिला आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी एसटीला हात केला.