कुंकवाखालचे चरे

बंगळुरातल्या जयनगरच्या त्या गल्लीत कुणी गाडी पुसायला घेतली की विठोजी फाटकापाशी हजर. हात मागे बांधायचे, थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "असं नव्हे." त्यांची स्वतःची गाडी कधीच नव्हती. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराची अँबॅसॅडर मात्र त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली होती. तिच्या चाकांवरच्या झाकण्या अशा लखलखत की मालक त्यांत बघून भांग पाडायचे, असं ते सांगत. मालकांना टक्कल होतं, हे त्यांची बायको गोजराबाई फक्त स्वयंपाकघरात म्हणत.

यंदा सुनेने, चंदनाने, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. तिच्या माहेरी सायकलच्या वर काही नव्हतं. रुपेरी अलॉय व्हील तिने हौसेने निवडून घेतली होती, आणि येता-जाता ती चाकांवरून एकदा नजर फिरवायचीच. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी ऑफिसला निघताना तिने किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली.

"मामा, चाकं स्वल्प धुवून ठेवाल? डिकीत शाम्पू आहे, मऊ कापड आहे. आधी भिजू द्या, मग हलक्या हातानं पुसा. दुसरं काही लावू नका हं, वरचं कोटिंग जातं."

"सरी, ठीक आहे," म्हणाले विठोजी. पण ते बोलणं त्यांना झोंबलं. ज्याचा जन्म चाकांपाशी उकिडवं बसण्यात गेला, त्याला कालची पोर चाक धुवायला शिकवणार.

तीन चाकं त्यांनी तिच्या शाम्पूनेच धुतली, ती बऱ्यापैकी निघालीही. पुढच्या डाव्या चाकावर मात्र ब्रेकची काळी भुकटी घट्ट बसली होती. थोडं भिजत ठेवलं असतं तर सुटलीही असती, पण विठोजींना धीर कुठला. ते तडक आत गेले आणि भांड्यांची तारेची घासणी आणि घासायची पूड घेऊन आले.

"अहो, ती काय सांगून गेलीय..." गोजराबाई म्हणाल्या.

"तू तुझी भांडी बघ."

चाक ओलं होतं तोवर चांदीसारखं दिसत होतं. विठोजी स्वतःवर खूष होऊन कपाळाचा घाम पुसत उभे राहिले. मग चाक वाळलं. त्यावर गोल गोल बारीक चरे उमटले होते आणि सगळी झळाळी जाऊन ते जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखं पांढुरकं दिसू लागलं होतं. त्यांनी खोबरेल लावून पाहिलं. तेल मुरलं, चरे राहिले.

संध्याकाळी चंदना झेंडूची फुलं घेऊन आली. तिने उजवीकडची चाकं पाहिली आणि म्हणाली, "किती छान केलीत, मामा." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कौतुक कानात असताना तोंडातून ते शब्द फुटेनात.

दुसऱ्या दिवशी पूजेचा मान घरातल्या थोरल्या माणसाचा, म्हणजे त्यांचाच. बाकीच्या चाकांवर त्यांनी भस्माची बोटं ओढली आणि एकेक टिकली लावली. डाव्या पुढच्या चाकावर मात्र हळद-कुंकवाचा दाट लेप थापला, रेघही दिसणार नाही असा.

"अण्णा, चाकाचा मळवट भरलात की काय?" मुलगा यशोवर्धन हसला. सगळेच हसले. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फुटला, आरती झाली. चोरी झाकायला त्यांनी देवाचं कुंकू वापरलं होतं आणि हे त्या देवाला ठाऊक होतं.

संध्याकाळी चंदना गाडी धुईल, डाग दिसतील, मग "कुंकवानं पडले असतील" म्हणू, असं खोटंही त्यांनी तयार ठेवलं होतं. पण ती धुवायलाच तयार होईना. "मामांनी स्वतःच्या हातानं लावलंय. राहू दे," म्हणाली आणि तशीच गाडी घेऊन ऑफिसला जाऊ लागली. रोज सकाळी ते लाल चाक फाटकातून बाहेर पडायचं आणि विठोजी पाठ फिरवून आत जायचे. शेजारी गाडी पुसत असले तरी ते आता फाटकाकडे फिरकत नव्हते.

"सांगून टाका. पोर काय तुम्हाला खाणार आहे?" गोजराबाई म्हणाल्या.

"खाल्लं तर बरं होईल," ते म्हणाले.

रविवारी चंदनाची ऑफिसातली मैत्रीण निवेदिता आली. मूळची पुण्याची. तिची गाडीही अलॉय व्हीलची होती. "काका, चंदना म्हणते, तुमच्यासारखी चाकं कोणी ठेवत नाही. मला पण शिकवा ना."

"आधी माझं हे चाक धुवून दाखवा हिला," चंदना म्हणाली. "कुंकू आता वाळून गळायलाच लागलंय."

पळ काढायला जागा नव्हती. विठोजींनी पाणी ओतलं. लाल ओघळ फरशीवर आले आणि चाक उघडं पडलं.

"अगं, हे काय झालं?" निवेदिता म्हणाली.

चंदना खाली बसली. चऱ्यांवरून तिने बोट फिरवलं, परत फिरवलं. मग मान वर करून सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे सगळंच लिहिलेलं होतं.

"मीच," ती म्हणाली. "पूजेआधी घाईत मीच घासणी मारली."

रागाची तयारी विठोजींनी करून ठेवली होती, याची नव्हती. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. आपल्यापायी ही पोर चारचौघांत खोटं बोलली.

"ती नव्हे," ते म्हणाले. "मी घासलं, तारेच्या घासणीनं. तिनं नको म्हणून सांगितलं होतं, तरी. आणि दिसू नये म्हणून वर देवाचं कुंकू थापलं."

निवेदिता उगाच फोनमध्ये बघू लागली. चंदनाने चाकाच्या खाचेत उरलेलं कुंकू बोटानं पुसून काढलं.

"सांगायचं होतंत की, मामा," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

मग ती उठली. डिकीतून शाम्पू आणि मऊ कापड काढून तिने त्यांच्यापुढे धरलं. विठोजींनी कापड घेतलं नाही. वाकून बादलीतला मग उचलला.

"तू पूस, बाळ. मी पाणी घालतो."

त्या दिवशी निवेदिताची चारही चाकं चंदनाने पुसली. ती सांगेल तिथे, सांगेल तेवढं पाणी विठोजी ओतत राहिले. "असं नव्हे" ते एकदाही म्हणाले नाहीत.