भोगीची गाजरं

भोगीच्या भाजीत यंदा धाकट्या जावेची गाजरं पडली. पहिल्याच घासाला सासूबाई म्हणाल्या, "काय गोडी उतरलीय गं हिच्या गाजरांत!" माझा घास तोंडातच फिरत राहिला.

आमच्या वाफ्यांमध्ये एकच बांध. बी तेच, पाणी तेच. गारठा सोसला की गाजर गोड होतं, हे ठाऊक असूनही तिच्याआधी आपली घरात यावीत म्हणून मी माझी थंडीआधीच उपटली. पाणचट निघाली. मत्सर मात्र बिनथंडीचाही पिकतो.

"ताई, तुमची पहिली आली होती की," तिनं सांभाळून घेतलं. तेच जास्त झोंबलं.

तिला आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, "तुझीच गोड आहेत गं."

खरं सांगते, म्हणतानाही तिचा वाफा उपटून टाकावासा वाटत होता.