सोबतच्या यादीप्रमाणे

आमच्या गल्लीतला सार्वजनिक नळ मीच अनुमोदन देऊन बंद करवला, आणि तो कुणी बंद केला म्हणून नगरपरिषदेत लेखी तक्रारही मीच दिली. दोन्ही कागदांवर माझंच नाव. हल्ली मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत लेकाकडे राहते. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, कैच्या कै काय सांगतेस!" म्हणून लिहून ठेवतेय. लिहिलेलं तरी खरं वाटेल पोरीला.

तेव्हा आम्ही अक्कलकोटच्या बाजूला, सोलापूरपासून एसटीने तासाभरावरच्या एका लहान गावात राहायचो. गाव म्हणावं तर नगरपरिषद होती, शहर म्हणावं तर नगरपरिषदेच्या दारात म्हशी बसायच्या. घरात आम्ही कन्नड बोलायचो, दुकानात मराठी. यजमानांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि त्यांना नगरसेवक व्हायची फार हौस. सगळी तयारी झाली आणि नेमका आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. मग त्यांच्यासाठी शिवलेला कुर्ता कपाटात गेला आणि माझी पैठणी बाहेर आली. निवडूनही आले. वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर केस भरपूर, त्याच्या आत मात्र सगळं ऐसपैस मोकळं.

निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? वॉर्डात फिरले? छे. एसटीने सोलापूरला आले, सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात गेले आणि लेटरपॅड छापून घेतलं. 'नगरसेविका' हा शब्द इतका मोठा टाकायला लावला, की पत्र लिहायला खाली जेमतेम आठ ओळींची जागा उरली. छापखानेवाला म्हणाला, "मॅडम, मजकूर कुटं लिव्हणार?" मी म्हटलं, "मजकुराचं बघू नंतर."

आता नगरपरिषदेची सभा कशी चालायची ते सांगते. आम्ही सतरा सदस्य. बाया एका बाजूला, पंख्याखालच्या बाकावर. समोर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी, आणि कडेच्या टेबलाशी सभेचं कामकाज लिहिणारे क्लार्क. हे क्लार्क म्हणजे सभेचे खरे मालक. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आवाज झोपेतून उठल्यासारखा. विषय क्रमांक एक कायम तोच असायचा : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणीच नसे, कायम मात्र दर वेळी होई. मग क्लार्क एकेक विषय वाचायला लागायचे. गटार, दिवाबत्ती, कोंडवाडा, आठवडी बाजार. अर्धा विषय वाचून होतो न होतो तोच मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "मंजूर!" आणि बाकीचे म्हणायचे, "मंजूर, मंजूर." भज्यांचा वास आला की मंजुरीचा वेग आणखी वाढायचा.

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. खरं तर हे सभेत व्हायला हवं. आमच्याकडे सभा उठल्यावर क्लार्क सावकाश ही नावं घालायचे. ज्याचं नाव बरेच दिवस आलेलं नाही त्याचं घालायचं, म्हणजे कुणी रुसत नाही, अशी त्यांची पद्धत. गावजेवणात पंगतीला वाढतात तशी ती नावं वाढायचे.

आणि मी रुसले. चार सभा झाल्या तरी माझं नाव कुठेच नाही. शेजारच्या बाकावरच्या बाईचं दोनदा आलं, तेही एकदा सूचक म्हणून! मी थेट क्लार्कच्या टेबलाशी गेले.

"माझ्यावर काही राग आहे का तुमचा?"

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "राग कसला, मॅडम? या सभेत घालतो की. नऊ नंबरचा विषय तुमचा. अनुमोदक."

"कशाचा आहे?"

"पाणीपुरवठ्याचा. चांगला हाय."

पाणीपुरवठा! यापेक्षा पुण्याचं काम काय असणार? सभेत नववा विषय आला तेव्हा मी बाकावरून उठून, पदर सारखा करून, हात वर केला. तशी गरज नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मी ठराव बुकाच्या त्या पानाची झेरॉक्स काढून आणली आणि दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली सरकवली. यजमानांनी वाचलं : "ज्या ठिकाणी घरगुती नळजोडण्या झालेल्या आहेत तेथील सार्वजनिक नळ सोबतच्या यादीप्रमाणे बंद करणेस ही सभा मंजुरी देत आहे."

"सोबतची यादी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तिच्यावर माझं नाव नाही. तिची कशाला काढू झेरॉक्स?"

ते पुन्हा तुरीच्या बियाणाच्या पिशव्या मोजायला लागले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, नवरा गेलेला, भाड्याच्या दोन खोल्या. कडक भाकरी करून विकायची. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. तिच्या भाकऱ्यांची पेटी दर सोमवारी एसटीने सोलापूरच्या एका दुकानात जायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. ती भाकऱ्या द्यायला आमच्या दुकानात आली तेव्हा मी तिलाही तो कागद वाचून दाखवला. अगदी बोट ठेवून, मोठ्यानं.

"हे बघ, माझं नाव."

"व्हय की अक्का," ती म्हणाली. "लई छान छापलंय."

काही आठवड्यांनी सकाळी ती माझ्या दाराशी आली. दोन्ही हातात रिकाम्या कळश्या.

"अक्का, नळाची तोटी काढून न्हेली."

"कुणी?"

"नगरपरिषदेचा फिटर आलता. तोटी काढली, पाइपाला बूच मारलं आन गेला. म्या इचारलं तर म्हनला, वरनं हुकूम हाय."

माझ्या गल्लीतला नळ? मला न विचारता? माझा पारा असा चढला की बास. लेटरपॅड घेतलं. आठ ओळींत मावेना म्हणून पाठीमागे लिहिलं. 'सदर नळ कोणाच्या आदेशाने बंद करण्यात आला याचा लेखी खुलासा व्हावा.' तरातरा नगरपरिषदेत गेले, आवक-जावकच्या खिडकीत कागद दिला, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आणि मगच क्लार्कपुढे जाऊन उभी राहिले.

त्यांनी ठराव बुक उघडलं, माझ्याकडे फिरवलं. सोबतची यादी पानाला टाचणीनं लावली होती. चार नंबरला आमची गल्ली. आणि ठरावाखाली अनुमोदक म्हणून मी.

"तक्रार परत द्या," मी हळूच म्हटलं.

"आवक झाली, मॅडम. आता उत्तर द्यावं लागंल."

ते उत्तर खरोखर आलं. रीतसर, पाकिटातून. 'आपण अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार कार्यवाही करण्यात आलेली आहे, हे आपल्या माहितीस्तव.' यजमानांनी ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंना मराठी कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा कन्नडमध्ये.

माझी फजिती झाली ती झाली. पण तिकडे भाकरीवालीचं काय? गल्लीत सगळ्यांकडे घरगुती नळ होते, तिच्याकडे नव्हता. नळजोडणीसाठी घरमालकाचं संमतीपत्र लागतं. मालक चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, राहायला सोलापुरात. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला, खारी दिली, पण सही दिली नाही.

"बाई, आज हिच्या नावावर नळ दिला की उद्या ती म्हणंल घरच माझं हाय. न्हाय जमायचं."

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. मी म्हटलं, "काळजी करू नकोस. आमच्या नळावर येत जा. आपलंच आहे."

केवढं मोठं मन माझं! आमच्याकडे चौथ्या दिवशी पहाटे पाणी यायचं, दीडेक तास. ती परसदाराशी येऊन उभी राहायची. आधी आमचा हौद, मग पिंप, मग सासूबाईंची तांब्याची घागर, मग यजमानांची मोटारसायकल धुवायची बादली. तोवर पाण्याची धार करंगळीएवढी व्हायची. मी आतून ओरडायचे, "अगं लाजतेस काय, घे की!" ती चार कळश्या भरून न्यायची. पीठ मळायला, भांडी घासायला, प्यायला तिला दहा तरी लागायच्या. दोन सोमवार पेटी अर्धीच गेली. सोलापूरच्या दुकानदारानं निरोप धाडला, की आणखी एकदा असं झालं तर दुसरीकडून माल घेईन. हे तिनं मला सांगितलं नाही. एसटीच्या कंडक्टरनं यजमानांना सांगितलं, यजमानांनी मला. सांगताना ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

मी पुन्हा क्लार्ककडे गेले. या वेळी लेटरपॅड घरी ठेवून.

"ठराव फिरवता येतो का?"

"तीन महिने झाल्याबिगर न्हाय. आधी फिरवायचा तर निम्म्याहून जास्त सदस्यांच्या सह्या आणा. नऊ जण. त्यात तुमी एक."

म्हणजे आठ आणायच्या. मग मी दारोदार फिरले. आणि काय सांगू, सातजणांनी कागद न वाचता सही केली! एकानं तर फोनवर बोलता बोलता माझ्या पाठीवर कागद टेकवून केली. मी कुणालाही 'आधी वाचा' म्हटलं नाही. एवढी अक्कल एव्हाना आली होती. आठवे होते ते एक म्हातारे सदस्य. विरोधी बाजूचे, नेहमी सभेत डोळे मिटून बसणारे. त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "यादी?" मी जुन्या ठरावाच्या पानासकट यादी दिली. तीही वाचली. ठरावाखालचं अनुमोदकाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सही करतो. पर सभेत कारण तुमी स्वतः सांगायचं, बाई. क्लार्कला वाचाय लावायचं न्हाय."

सभेत विषय आला. काही सोयीस्कर कारणं मी रात्रभर पाठ केली होती. तांत्रिक अडचण, फेरसर्वेक्षण, अशी. उठले आणि सगळी विसरले.

"मी यादी वाचली नव्हती," मी म्हटलं. "नाव यावं म्हणून हात वर केला. नळ माझ्याच गल्लीतला होता. तिथे एक बाई आहे, तिला घरचा नळ मिळू शकत नाही. तिचा धंदा बसायला आलाय. चूक माझी आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. अध्यक्ष खुर्चीत सरसावून बसले. "मॅडम, न वाचल्याचं कारण दिलं तर ह्या सभागृहाचे सगळेच ठराव रद्द करावे लागतील की हो." पुन्हा हशा. क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "इतिवृत्तात हेच कारण लिव्हू का, मॅडम?"

"लिहा," मी म्हटलं.

"सूचक?"

"मी."

"अनुमोदक?"

ते म्हातारे सदस्य डोळे मिटूनच म्हणाले, "माझं घाला."

ठराव झाला. फिटर यायला आणखी आठ दिवस गेले. तेवढे दिवस मी आमचा हौद शेवटी भरला. सासूबाई कुरकुरल्या, मोटारसायकल धुळीनं माखली. सोमवारची पेटी कशीबशी पुरी गेली. दुकानदारानं तिचा माल घेणं चालू ठेवलं, पण पूर्वीइतका नाही. उरलेला तो आधीच दुसरीकडून घ्यायला लागला होता, आणि तेवढी विक्री तिला काही परत मिळाली नाही.

मग एका पहाटे गल्लीच्या टोकाला नळ सुटल्याचा आवाज आला. मी शाल पांघरून लगबगीनं तिथे गेले. ती कळशी घेऊन वाकली होती. मी अगदी तोटीपाशी जाऊन उभी राहिले आणि वाट बघायला लागले. कशाची, ते काय सांगायला पाहिजे? ती कळशी पदरानं पुसत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "बघ, आणला की नाही तुझा नळ?"

तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले, आणि म्हणाली,

"व्हय अक्का, आणला की. आता जरा बाजूला सरा, कळशी ठिवू द्या. तुमच्या दारात मी सरून उभी ऱ्हायले न्हवं? आज तुमी सरा."