मेसच्या मावशींची कॅसेट

लातूरला मी एका कोचिंग क्लासचं ऑफिस सांभाळायचो. समोर मेस चालवणाऱ्या मावशी एक दिवस कॅसेट घेऊन आल्या. त्यांचे पती १९९३च्या भूकंपात गेले होते. त्याआधी कधीतरी आपल्या पिठाच्या गिरणीत बसून त्यांनी सौदीतल्या धाकट्या भावासाठी खुशाली रेकॉर्ड केली होती. कॅसेट तिकडे होती म्हणून वाचली.

मी ती एका स्टुडिओतून फाइलमध्ये उतरवून आणली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मावशींना ऐकवली.

"हा त्यांचा आवाज न्हाई," त्या म्हणाल्या. "डब्यात तोंड घालून बोलल्यागत वाटायलंय."

सवयीप्रमाणे मी यादी केली: वायर, स्पीकर, साउंड कार्ड, मागची घरघर. वायर आणि स्पीकर बदलून फरक पडला नाही. दोष तिसऱ्या ओळीत निघाला. फाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने होते आणि आमचं जुनं कार्ड फक्त ४८,००० वर चालायचं. मधलं रूपांतर ते वाजवता वाजवता घाईने उरकायचं. तेच काम मी एका प्रोग्रामकडून आधीच, सावकाश आणि नीट करून घेतलं आणि कार्डाला तयार ४८,००० ची फाइल दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी उभ्यानेच ऐकू लागल्या. मग खुर्चीवर बसल्या.

"आता हायेत," त्या म्हणाल्या.

"मागची घरघर तेवढी काढायची राहिलीय."

"ती कशाला काढता, सर? आमची गिरणी हाय ती."

यादीतली चौथी ओळ मी काम न करताच खोडली.