लाल दिवा लागलेला असताना : नारायण पेठ ते हिंजवडी, एका दिवसात

या ब्लॉगवर मी आजवर लांबच्या गावांबद्दल लिहिलं. ही सहल पुण्यातल्या पुण्यातली आहे, आणि ती करायला मला पंचवीस वर्षं लागली.

फोन मेश्रामांचा आला. माझा नवरा अनंत भौतिकशास्त्रात संशोधन करायचा आणि मेश्राम हा त्याचा पहिला विद्यार्थी. नागपूरहून आलेला तो बुजरा मुलगा आता निवृत्तीला टेकलाय. "वहिनी, जुनी प्रयोगशाळा पाडतायत. सरांच्या फाइली अजून कपाटात आहेत. रद्दीत जाण्याआधी येऊन जा." मी "बघते" म्हणाले आणि आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी निघाले, कारण एका संध्याकाळी मी एक दार वाजवायला हवं होतं की नाही, हे त्या फाइलींशिवाय कुणी सांगू शकणार नव्हतं.

नारायण पेठेतून डेक्कनला पूल ओलांडून चालत जावं. दहा-बारा मिनिटं लागतात, आणि सकाळी आठच्या आत निघालात तर रस्ता ओलांडताही येतो. तिथून पाषाणची बस. कंडक्टर म्हणाला, "दिवसाचा पास घ्या आजी, कुठंही चढा, कुठंही उतरा."

"पास द्या. आजी राहू दे."

"राहू दे, तर राहू दे," असं म्हणून त्याने पास फाडला.

संस्थेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर पोहे आणि चहा घ्या, आत काही मिळत नाही. त्या दिवशी तर आत माणूसही मिळत नव्हता. खिडक्यांच्या चौकटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. खोल्यांवर खडूने आकडे घातलेले. माझ्या चपलांचा आवाज माझ्या थोडा मागून येत होता. मी थांबले की तोही थांबायचा, पण लगेच नाही.

व्हरांड्याच्या टोकाला अनंतची खोली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता.

मी थांबले. त्या दिव्याचा अर्थ, आत मोजणी चालू आहे, दार वाजवू नये. आमच्या शाळेच्या चॅपेलमध्येही एक लाल दिवा कायम तेवत असे. सिस्टर सांगायच्या, दिवा लागलाय म्हणजे आत कुणीतरी आहे, आवाज करायचा नाही. लहानपणी शिकलेलं पायांत राहतं.

"काहून थांबलात, वहिनी?" मेश्राम मागून आले. "दारं उघडीच आहेत सगळी."

"दिवा लागलाय."

"तो पंपाच्या स्विचवर होता. पंप काढून चार महिने झाले." त्यांनी वर पाहिलं. "इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला. म्हणतो, वायर भिंतीत जाते, पुढं कुठं जाते ते दिसत नाही. इमारत पडली की विझेल म्हणे."

आता ती संध्याकाळ सांगते. उदारीकरणानंतरची ती वर्षं. अनंतच्या बरोबरीचे एकेक जण सॉफ्टवेअरमध्ये जात होते. त्यालाही एका कंपनीचं पत्र आलं होतं, आणि उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस होता. सकाळी तो म्हणाला, "संध्याकाळी येताना ठरवून येतो." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. दुपारचा तास संपवला आणि मला वाटलं, माझ्या पगारात भागेल, हे त्याला आजच सांगावं. ज्यांवर तो प्रयोग करायचा ते काळे, नखाएवढे स्फटिक त्याला सोडायला लावू नये. म्हणून मी इथे आले. दिवा लागलेला होता. दाराशी उभी राहिले, दाराच्या फटीला कान लावला, आणि सव्वापाचला बस धरून घरी गेले. थांबून त्याच्या स्कूटरवर मागे बसून आले असते तर आम्ही कदाचित दुसऱ्या रस्त्याने आलो असतो. तो एकटा निघाला आणि घरी पोचला नाही. चौकात ट्रक होता.

गंमत म्हणजे त्याच दुपारी मी वर्गात मर्यादित विवेकशीलता शिकवली होती. माणूस सर्वांत चांगला पर्याय शोधत बसत नाही. तेवढा वेळ आणि तेवढी माहिती कुणाकडेच नसते. पुरेसा बरा पर्याय दिसला की तो शोध थांबवतो. फळ्यावर मी उदाहरण दिलं होतं बसथांब्यावरच्या माणसाचं, किती वेळ थांबायचं आणि कधी चालू लागायचं.

मेश्रामांनी कपाटातून शेवटची फाइल काढली. उच्च तापमानाचे अतिवाहक, असं त्या स्फटिकांचं नाव. उच्च म्हणजे उणे एकशेऐंशी अंशांच्या आसपास. अनंत म्हणायचा, पुणेरी कौतुकासारखं आहे हे, गारठूनच घ्यायचं. तेवढं थंड केलं की विजेला त्यांच्यात अडथळा उरत नाही. मग डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यांच्यावर सोडायचा आणि किती परत येतो ते कागदावर रेघेने उमटवायचं.

"फक्त वाफेचा त्रास," मेश्राम म्हणाले. "श्वासातली वाफ हा प्रकाश खाते. मशीनजवळ कुणी श्वास सोडला तरी रेघेला दात येतात. म्हणून वाफ हाकलायला मशीनमध्ये कोरडा नायट्रोजन सोडायचा, आणि माणूस काचेच्या केबिनमध्ये. सर तर शिंक आली तरी समासात वेळ लिहायला लावायचे."

त्या दिवसाचे कागद त्यांनी टेबलावर पसरले. रेघ गुळगुळीत होती. मग तिला दात फुटले होते, बारीक, एकसारखे. समासात अनंतच्या पेन्सिलीचं अक्षर :

"५.०५. दाराशी कुणीतरी. उषाच असावी. एवढा स्कॅन होऊ दे."

उषा म्हणजे मी. मी दिवा पाहून दार वाजवलं नाही. त्याने रेघ पाहून उघडलं नाही. दोघांनाही वाटलं, काम असेल तर दुसरा काहीतरी करेल.

"बंद दाराबाहेरच्या एका माणसाच्या श्वासाने एवढं दिसायला नको," मेश्राम हळूच म्हणाले.

मी पुढचे कागद पाहत होते. दात सव्वापाचला थांबले नव्हते. साडेपाचच्या कागदावर होते, पावणेसहाच्या कागदावरही होते. शेवटच्या समासात लिहिलं होतं, "६.००. दार उघडलं. कुणी नाही."

"मी सव्वापाचला गेले होते, मेश्राम."

त्यांनी चष्मा पुसला. "नायट्रोजन संपत आला असेल. तसं होतं कधी कधी."

हे स्पष्टीकरण पुरेसं बरं होतं. मी शोध तिथेच थांबवला. निघताना दिवा लागलेलाच होता.

पाषाणहून हिंजवडीला रिक्षाच बरी. वाकडच्या पुलाखाली अर्धा तास अडकाल हे धरून चाला. पत्र आलेल्या त्या कंपनीची आता तिथे काचेची इमारत आहे, आणि अनंत कुठे बसला असता ते मला पाहायचं होतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं समोर वडापाव खात होती. "अरे, डेडलाइन आज आहे." "आज म्हणजे बारापर्यंत आज." मी फाइल छातीशी धरून दारासमोर उभी राहिले. काच आपोआप सरकली. मी मागे झाले, मिटली. पुढे झाले, उघडली.

"मॅडम, तिथं उभं राहू नका," सुरक्षारक्षक म्हणाला. "माणूस असला की दार उघडतं. एसी वाया जातो."

"माणूस नसला की उघडत नाही?"

"उघडतं की, कधीमधी. सेन्सर खराब हाय म्हणत्यात."

परतीला मनपाची बस मिळते, खिडकीची जागा हवी असेल तर पाचच्या आत या. मी सहाला घरी पोचले. पायांवरची धूळ, एक फाइल, आणि पंचवीस वर्षं विचारलेला प्रश्न चुकीचा होता एवढं कळणं, हे बरोबर आलं. दार वाजवायला हवं होतं की नाही, हा खरा प्रश्न नव्हता. मी गेल्यावर तिथे पाऊण तास माझ्या वाटचं कोण उभं होतं, हा आहे.

किल्ली हातात होती. कुलूप मी सकाळीच घातलं होतं. तरी मी आधी दार वाजवलं.

समोरच्या गोखलेबाईंनी त्यांचं दार उघडलं. "किल्ली विसरलात का?"

"नाही, आहे."

"मग वाजवताय कुणासाठी? आत आहे का कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "आज जरा थांबून बघते."